धारकाकूंचं गप्प बसणं

ऑफिसात मला धबधबा म्हणायचे. बरीच वर्षं मी ते कौतुक समजत होतो.

एकवीस वर्षं मी टीव्हीवर फुटबॉलचं समालोचन केलं. सामना कितीही मरगळलेला असो, माझं तोंड कधी मरगळलं नाही. मग एका रविवारी दोन जुळ्या भावांमध्ये माझी गल्लत झाली आणि जो मैदानावर नव्हताच, त्याच्या पायातल्या जादूचं मी बारा मिनिटं वर्णन केलं. नेमका तोच भाऊ कॅमेऱ्याने दाखवला. बाकावर बसून संत्रं सोलत होता. दुसऱ्या दिवशी आमच्या क्रीडा विभागाच्या मॅडमनी मला बोलावलं आणि सांगितलं की फुटबॉल आता दुसरे एक जण बघतील. ते दुसरे एक जण माझ्याहून वीस वर्षांनी लहान होते.

"तुमच्यासाठी फिगर स्केटिंग आहे," मॅडम म्हणाल्या. "बर्फावरचं. शांत खेळ आहे, तुम्हालाही जरा..." पुढचं त्या बोलल्या नाहीत. मला बर्फाविषयी एवढंच ठाऊक होतं की तो थंड पेयात घालतात. पण नाही म्हणायची माझी टाप नव्हती.

"जोडीला एक जाणकार बाई आहेत," त्यांनी सांगितलं. मी मनातल्या मनात चित्र रंगवून टाकलं. माजी विजेती असणार, ताठ मानेची, गळ्यात रेशमी रुमाल वगैरे.

तिसऱ्या मजल्यावरची आमची खोली म्हणजे दोन खुर्च्या, एक टेबल, एक पडदा आणि भिंतींना ठोकलेल्या करड्या गाद्या. स्पर्धा दुसऱ्या कुठल्यातरी शहरात चालायची, तिचं चित्र आणि बर्फावरचे आवाज आमच्याकडे यायचे, आणि आम्ही त्यावर बोलायचं. मी गेलो तेव्हा एकसष्ट वर्षांच्या एक बाई मांडीवर कापडी पिशवी घेऊन बसल्या होत्या. बोटांच्या पेरांत काळपट रेघा, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. मला वाटलं साफसफाईला आल्या असतील, म्हणून मी अदबीने म्हणालो, "बाई, आता इथे काम सुरू होईल."

"हो ना," त्या म्हणाल्या, "म्हणूनच आलेय." आणि काचेपलीकडच्या साउंडवाल्या भाऊंना त्यांनी हात केला. "भाऊ, माझा आवाज थोडा कमीच ठेवा, बर्फाचा वाढवा."

एकवीस वर्षांत स्वतःचा आवाज कमी करा म्हणणारा समालोचक मी पाहिला नव्हता. मी मनात म्हटलं, चला, इथे बोलणार आपणच.

त्या आमच्याच शहरातल्या स्केटिंगच्या सभागृहात सव्वीस वर्षं बुटांच्या पात्यांना धार लावायच्या. सगळी मुलं त्यांना धारकाकू म्हणायची, आणि हळूहळू त्यांच्या घरचेही तेच म्हणायला लागले. आमच्या आधीच्या जाणकार बाईंचा घसा बसला तेव्हा चॅनेलचा माणूस प्रशिक्षक शोधत तिथे गेला. प्रशिक्षक सगळे स्पर्धेला गेलेले. मागच्या खोलीत काकू एकट्या चाकावर पातं धरून बसल्या होत्या आणि कोपऱ्यातल्या रेडिओवर त्याच स्पर्धेचे निकाल ऐकत होत्या. काल ती मुलगी का हरली, असं त्याने सहज विचारलं. काकूंनी चाक थांबवून तीन वाक्यांत सांगितलं. तो माणूस त्यांना तसाच गाडीत घालून घेऊन आला.

आमच्या पहिल्या प्रक्षेपणाची आठवण काढली की अजून माझे कान गरम होतात. मी जय्यत तयारी करून आलो होतो. प्रत्येक खेळाडूचं वय, उंची, शाळा, आवडता रंग, कुत्र्याचं नाव, सगळं एका जाडजूड फाइलमध्ये होतं. संगीत सुरू झालं आणि मीही सुरू झालो. कुत्र्यापर्यंत पोचलो तेवढ्यात ती मुलगी उडी मारताना आदळली. मी फुटबॉलच्या सवयीने ओरडलो, "अरेरेरे! पडली! पडली! चार महिन्यांची मेहनत मातीत!"

काकू तोवर अवाक्षर बोलल्या नव्हत्या. त्यांनी आपलं बटण दाबलं, माइकवरचा लाल दिवा लागला, आणि त्या हळूच म्हणाल्या, "उठली."

बस. दिवा बंद. नाच संपेपर्यंत पुन्हा गप्प. मग तीच उडी संथ गतीने दाखवली तेव्हा म्हणाल्या, "खांदा बघा, पायाच्या आधी वळला. पायाचं काही चुकलेलं नाही. हिची पुढच्या महिन्यात ही उडी बसेल."

चहाच्या वेळी मी जरा घुश्शातच होतो. "काकू, तुम्ही बोलतच नाही! मी एकटाच किल्ला लढवतोय."

"अहो, बर्फात माती कुठून आली?" त्यांनी विचारलं. मग त्यांनी बिस्किट चहात बुडवलं आणि म्हणाल्या, "पडली हे सगळ्यांना दिसतं. धप्पकन आवाज होतो, आंधळ्यालाही कळतं. उठली ते सांगावं लागतं. लोकांनी डोळे मिटून घेतलेले असतात ना तेव्हा."

मी हे ऐकून घेतलं आणि मनातून सोडून दिलं. माझ्या डोक्यात तेव्हा एकच गोष्ट होती. चॅनेल नव्या इमारतीत जाणार होतं आणि तिथल्या समालोचनाच्या खोल्या एका माणसापुरत्याच होत्या. मॅडमनी स्वच्छ सांगितलं होतं की पुढच्या मोसमाची शेवटची स्पर्धा झाली की आमच्यातलं एकच जण राहील. फुटबॉल गेलेला, वय सेहेचाळीस, बोलण्यापलीकडे दुसरं काही येत नाही. ही खुर्ची गेली तर मी घरीच बसणार होतो, आणि घरी माझं बोलणं ऐकून घ्यायला फक्त आई होती, जी ते ऐकून घेत नाही.

मॅडमचा कल माझ्याकडे होता. त्यांच्या गळ्यात एक थांबघड्याळ असायचं आणि समालोचनात आठ सेकंदांहून जास्त शांतता झाली की त्या वहीत रेघ मारायच्या. काकूंच्या नावापुढे रेघांची जाळी झाली होती. "गप्प बसायला आपण माणूस कशाला नेमायचा?" असं त्या मला एकदा म्हणाल्या. मी गंभीर चेहरा करून मान हलवली. आत मला आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या.

पण सव्वा वर्ष एका खोलीत माणसाशेजारी बसलं की त्याचं काहीतरी अंगाला लागतंच. हळूहळू काकूंची हकिगत मला तुकड्यातुकड्याने कळत गेली.

त्यांच्या धार लावायच्या खोलीला बर्फाच्या बाजूची खिडकीच नव्हती. मध्ये लाकडी भिंत. सव्वीस वर्षं त्यांनी हा खेळ पाहिला कमी आणि ऐकला जास्त. पात्याचं टोक बर्फात रोवून घेतलेली उडी खट् करते, नुसत्या धारेवरून घेतलेली जवळजवळ आवाज करत नाही, चांगली उतरलेली एकच लांब सर्र करते आणि फसलेली खर्रर्र करते. या एवढ्या भांडवलावर त्या भिंतीमागून सांगायच्या की बाहेर कोण आहे आणि त्याचा आज मूड कसा आहे. एकदा त्यांनी डोळे मिटून सलग सात उड्या ओळखल्या तेव्हा साउंडवाल्या भाऊंनी काचेपलीकडून हात जोडले.

मुलं पडली की काकूंच्या खोलीत यायची. पडलो असं कोणी म्हणायचं नाही. नाक ओढत बूट पुढे करायची आणि म्हणायची, "काकू, धार गेलीय."

"आणि गेलेली असायची?" मी विचारलं.

"छे हो. दहातल्या एकाची. बाकीच्यांचं मी चाक नुसतं फिरवायची, घर्रर्र. पातं टेकवायचीच नाही. मग बूट परत द्यायचा आणि म्हणायचं, आता बघ." त्या हसायला लागल्या. "खरी धार लावली त्याहून लावल्यासारखं केलंय जास्त."

"आणि मग नीट व्हायची उडी?"

"कधी व्हायची, कधी नाही. पण बर्फावर परत जायची ना."

त्यांचे यजमान त्याच सभागृहात बर्फ सारखा करायचं मोठं यंत्र चालवायचे. चिरे पडलेल्या बर्फावरून ते यंत्र फिरलं की मागे गुळगुळीत पट्टा उमटायचा, म्हणून मुलं त्यांना इस्त्रीवाले काका म्हणायची. लग्नाआधी त्यांनी सहा महिने रोज काकूंच्या खोलीच्या भिंतीलगत एक फेरी जास्त मारली. "बोलले एक अक्षर नाहीत," काकू म्हणाल्या, "पण माझ्या भिंतीलगतचा बर्फ इतका चकचकीत की एका परीक्षकाने तक्रार केली." आता त्यांच्या गप्प बसण्याचं मूळ मला सापडलं. घराणंच तसलं होतं.

घरी आई रोज मला ऐकवायची. आई अठ्ठ्याहत्तरची, गुडघ्यावर गरम पाण्याची पिशवी ठेवून टीव्हीपुढे बसते आणि माझी एकही स्पर्धा चुकवत नाही.

"ती बाई छान बोलते," ती म्हणायची.

"आई, ती बोलतच नाही!"

"तेच. ती बोलली की मी पडद्याकडे बघते. तू बोललास की तुझ्याकडे बघावं लागतं. आणि तुला मी जन्मापासून बघतेय."

मी चिडायचो, पण नंतर नंतर मला स्वतःलाच ते जाणवायला लागलं. संगीताचा एक हळवा तुकडा येत असायचा, मुलगी एका पायावर लांबच लांब तरंगत निघालेली असायची, आणि मध्येच कोणीतरी तिच्या कुत्र्याचं नाव सांगत असायचं. तो कोणीतरी मी असायचो. हे कळत होतं, पण वळत नव्हतं. मॅडमचं घड्याळ डोळ्यांपुढे होतं, आणि खरं सांगायचं तर गप्प बसायची मला भीती वाटायची. मी बोललो नाही तर मी तिथे आहे हे कळणार कोणाला?

शेवटची स्पर्धा रविवारी दुपारी होती, महिलांची अंतिम फेरी. मॅडम स्वतः काचेपलीकडे भाऊंच्या शेजारी येऊन बसल्या. मी नवा शर्ट घातला होता. काकूंनी चष्म्याच्या काडीचा दोरा बदलला होता, एवढाच काय तो त्यांचा थाट.

फेरी रंगत गेली. मी मस्त सुटलो होतो. काकूंची तऱ्हाही मी थोडी उचलली होती, उड्या आवाजावरून ओळखायच्या. दोनदा तर काकूंच्या आधी बरोबर सांगितलं आणि काचेकडे बघून घेतलं, मॅडमनी ऐकलं ना? अंगात आलं होतं नुसतं. शेवटून दुसरी खेळाडू आली, सतरा वर्षांची, नवखी. तिच्याबद्दल काय काय आहे ते बघायला मी फाइलमध्ये डोकं घातलं. पडद्याकडे कशाला बघायचं, कान आहेत की! तेवढ्यात कानात खर्रर्र आलं, पाठोपाठ हजार लोकांचं एकदम "आऽऽ" आलं, आणि मी मान वर न करता बेंबीच्या देठापासून ओरडलो, "पडली!"

मान वर केली तर ती उभी होती.

नुसती उभी नाही, गिरकी घेत होती. उतरताना तोल गेला, बोटं बर्फाला लागली, आणि तिने स्वतःला सावरलं होतं. घराघरांत सगळ्यांनी ते पाहिलं होतं. न पाहणारा माणूस जगात एकच होता, आणि त्याच्या हातात माइक होता.

माझी पाचावर धारण बसली. काचेपलीकडे मॅडम उभ्या राहिल्या. मला दुरुस्ती करायची होती, पण घशातून हवासुद्धा निघेना. काकूंचा लाल दिवा लागला. "हात टेकला फक्त," त्या शांतपणे म्हणाल्या. "माझ्याही पोटात गोळा आला होता. सावरलं पोरीने." आणि दिवा बंद झाला.

मी माझं बटण बंद केलं. फाइल मिटून खाली पायाशी ठेवली. त्या मुलीचा उरलेला नाच मी एक शब्द न बोलता पाहिला, आणि सांगायला लाज वाटते, पण सव्वा वर्षात पहिल्यांदाच पाहिला. फार सुंदर होता. मला रडू येईल असं वाटत होतं, तिच्यामुळे आणि माझ्यामुळेही. आता उठून जावं, जिना उतरावा, घरी जावं आणि परत येऊच नये, एवढंच मनात होतं.

शेवटची खेळाडू आली. अठ्ठावीस वर्षांची, पदक तिलाच मिळणार अशी सगळ्यांची खात्री. पहिल्याच उडीला ती सपशेल आदळली. सभागृह चिडीचूप झालं. मी काकूंच्या दिव्याकडे बघितलं. आता त्या म्हणतील. एक सेकंद, दोन सेकंद. दिवा लागेना. काकू माझ्याकडे बघत होत्या. पडद्यावर ती बाई एका गुडघ्यावर आली, आणि काकूंनी हात लांब करून माझं बटण दाबलं.

माझा लाल दिवा लागला. ती उभी राहिली. माझ्या तोंडून खरखरीत, कापरा, स्वतःचाच नाही असा आवाज आला.

"उठली."

त्यापुढे माझ्याकडे बोलायला काही नव्हतं आणि काही लागतही नव्हतं. ती पुन्हा संगीतात शिरली. तेवढ्यात शेजारून काकू माइकमध्ये हळूच म्हणाल्या, "उठला."

मी चमकलो. महिलांची स्पर्धा, बर्फावर बाई, आणि उठला? पुढे अख्खा नाच आम्ही दोघं गप्प होतो. पण खरं तेच सांगतो. माझ्या मनाला त्या चार मिनिटांत हळूहळू पालवी फुटत होती. काकूही चुकल्या! माझी एक चूक, त्यांची एक चूक. फिटंफाट. आणि त्यांच्या रेघा तर कितीतरी जास्त. घरी जाताना मी जिना उतरलो तो शीळ घालत.

आई दिवे लावून माझी वाट बघत बसली होती. "आज शेवटी बरा बोललास," ती म्हणाली.

"एकच शब्द तर बोललो."

"तोच म्हणतेय मी."

"बरं ते राहू दे. तुझ्या लाडक्या काकूंनी काय माती खाल्ली ऐकलंस ना? बायकांच्या स्पर्धेत म्हणे उठला! थकल्या बिचाऱ्या. उद्या मॅडम दोघांना बोलावतायत, आणि मला वाटतं..."

आईने गुडघ्यावरची पिशवी बाजूला ठेवली. माझ्याकडे तिने असं बघितलं, जसं मी सातवीत नापास झालो तेव्हा बघितलं होतं.

"अरे गाढवा," ती म्हणाली, "ती तुला म्हणाली."

मी तिच्या शेजारी बसलो.

"त्या आधीच्या पोरीच्या वेळेला तू तोंडघशी पडलास. मग तुझा आवाजच नाही. माझा इथे जीव वर-खाली, की हा खोलीत आहे की निघून गेला? मग तुझा आवाज आला. आणि ती म्हणाली उठला. मला इथे बसून कळलं, तुला शेजारी बसून कळलं नाही?" तिने डोळे पुसले आणि वर मलाच झापलं, "उठले म्हणाली असती तर परक्याला म्हटल्यासारखं झालं असतं. उठला म्हणाली. घरच्यासारखं."

दुसऱ्या दिवशी सकाळी मॅडमच्या टेबलावर प्रेक्षकांच्या रातोरात आलेल्या ईमेलच्या, छापून काढलेल्या दोन चळती होत्या. एक माझी, 'पडली' म्हणून. दुसरी, तिच्याहून थोडी उंच, काकूंची. एका शिक्षकांनी तर लिहिलं होतं की आधीच्यांनी 'उठली' असं शुद्ध बोलल्यावर या बाईंनी त्यांना सुधारून अशुद्ध केलं.

"तुमची चूक नजरेची," मॅडम मला म्हणाल्या. "कोणाचीही होते. पण यांचं साधं स्त्रीलिंग-पुल्लिंग चुकतंय. आणि त्यात त्या बोलत नाहीत. बोलत नाहीत, आणि बोलल्या की हे. काकू, तुम्हाला काही सांगायचंय का?"

काकू मांडीवर पिशवी घेऊन बसल्या होत्या. टेबलावरची कात्री त्यांनी उचलली होती आणि अंगठ्याने तिची धार बघत होत्या. त्यांनी नुसती मान हलवली. नाही.

मी वाट बघितली. त्या बोलतील, सांगतील, एवढं मोठं कारण आहे! त्यांनी कात्री खाली ठेवली. म्हणजे त्या सांगणार नव्हत्या. त्यांनी सांगितलं तर मी कसा कोसळलो होतो, बटण बंद करून कसा बसलो होतो, तेही सांगावं लागलं असतं, आणि पडलेल्याबद्दल बोलायची त्यांची रीतच नव्हती. मी फक्त तोंड मिटून बसायचं होतं. खुर्ची माझ्यासमोर होती. एकवीस वर्षं आठ सेकंदही गप्प न राहिलेला मी त्या खोलीत किती वेळ गप्प राहिलो ते मला माहीत नाही. मॅडमच्या गळ्यातल्या घड्याळाला माहीत असेल.

"मॅडम," मी म्हणालो, "ती चूक नाही. बाई पडली होती, तसा मीही पडलो होतो. मी उठून जायच्या बेतात होतो. माझं बटण यांनी दाबलं. त्या उठला म्हणाल्या ते मला."

मॅडमनी काकूंकडे बघितलं. "खरंय?"

"माइकवर म्हणायला नको होतं," काकू ओशाळून म्हणाल्या. "तोंडातून निघून गेलं. म्हणजे चूक ती चूकच हो."

मॅडमनी भाऊंना सांगून रेकॉर्डिंग लावलं. पुन्हा ते आदळणं, ती शांतता, माझं कापरं "उठली", काकूंचं "उठला", आणि मग चार मिनिटं नुसतं संगीत आणि बर्फ. मॅडम शेवटपर्यंत ऐकत बसल्या. त्यांची वही उघडी होती आणि घड्याळ चालू करायचं त्या विसरल्या होत्या.

खुर्ची काकूंना मिळाली. तसंच व्हायला हवं होतं, आणि तरी घरी आल्यावर मी दोन दिवस कोणाशी बोललो नाही. आईने डॉक्टरांना बोलवायचं की काय असा विचार सुरू केला. तिसऱ्या दिवशी मॅडमचा फोन आला. काकूंनी त्यांना एक विचारलं होतं म्हणे, की मधल्या सुट्टीत दहा मिनिटं बर्फ सारखा करायचं यंत्र फिरतं, तेव्हा बघायला काहीच नसतं, लोक उठून जातात, तर तेव्हा बोलणारं कोणी नको का? भरपूर बोलणारं?

तर आता मी तेच करतो. नव्या मोसमाची पहिली स्पर्धा आमच्याच शहरात, काकूंच्या जुन्या सभागृहात झाली. काकू तिकडे नव्या इमारतीत, एका खुर्चीच्या खोलीत. मी इकडे बर्फाच्या कडेला, हातात माइक, कानात इअरफोन, आणि शेजारी इस्त्रीवाले काका यंत्रावर चढून बसलेले. त्या रविवारनंतर मी पहिल्यांदाच थेट प्रक्षेपणात बोलणार होतो. सगळी माहिती पाठ होती, फाइल मुद्दामच घरी ठेवली होती. पण एक मिनिट उरलं आणि पहिलं वाक्यच आठवेना. लोकांना ऐकू जात नाही अशा आतल्या लाइनवर मी कसाबसा म्हणालो, "काकू, धार गेलीय."

मग कानात आवाज आला. एकसष्ट, आता बासष्ट वर्षांच्या, अवाक्षर न बोलणाऱ्या बाईने तोंडाने काढलेला, चांगला लांबलचक.

"घर्रर्रर्र." आणि मग, "हं. आता बघ."

सव्वा वर्षात त्यांनी मला समोरासमोर कधी अरेतुरे केलं नव्हतं. काकांनी यंत्र सुरू केलं, माझा लाल दिवा लागला, आणि मी बोलायला लागलो.